चंद्राची शर्यत: अमेरिका-सोव्हिएत अंतराळस्पर्धेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पुटनिकपासून अपोलो-सोयुझपर्यंतच्या काळाबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. राजकारण गरजेपुरतंच घेतलं आहे. भर यंत्रांवर आहे: काय बनवलं, ते कसं चालायचं, कुठे बिघडलं आणि का. भारतीय वेळ दिली आहे तिथे तसं नमूद केलं आहे.

शर्यत नेमकी कधी सुरू झाली?

बहुतेक जण ४ ऑक्टोबर १९५७, म्हणजे स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सुटला तो दिवस सांगतात. पण घोषणा त्याच्या दोन वर्षं आधीच झाल्या होत्या. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ या काळात आम्ही उपग्रह सोडू, असं अमेरिकेने २९ जुलै १९५५ रोजी जाहीर केलं. चारच दिवसांनी कोपनहेगनमध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ लिओनिद सेदोव यांनीही तेच सांगितलं. त्यांचं बोलणं पाश्चात्त्य देशांत फारसं कुणी मनावर घेतलं नाही, आणि म्हणूनच स्पुटनिकचा धक्का एवढा मोठा बसला.

सोव्हिएत संघ सुरुवातीला पुढे कसा गेला? अमेरिका तर जास्त श्रीमंत होती.

त्यांचा अणुबॉम्ब जड होता म्हणून. ऐकायला विचित्र वाटेल, पण मुख्य कारण हेच. आर-७ हे क्षेपणास्त्र मुख्य सोव्हिएत रॉकेट-अभियंते सर्गेई कोरोल्योव यांच्या कार्यालयाने सुमारे साडेपाच टनांचं स्फोटकाग्र दुसऱ्या खंडापर्यंत नेण्यासाठी आखलं होतं. अमेरिकेने हलके बॉम्ब तयार केले, त्यामुळे त्यांना तेवढ्या ताकदीचं रॉकेट लागलंच नाही. उपग्रह सोडायची वेळ आली तेव्हा सोव्हिएत अभियंत्यांकडे जास्तीची ताकद तयार पडलेली होती.

आर-७ ची रचना नीट समजून घ्या, कारण पुढची अर्धी गोष्ट त्यात आहे. मधे एक गाभा आणि भोवती चार निमुळते बाजूचे टप्पे. या पाचही भागांत प्रत्येकी एक इंजिन, आणि प्रत्येक इंजिनाला चार ज्वलनकक्ष. म्हणजे मोठे ज्वलनकक्ष २०, आणि दिशा सांभाळणारे छोटे १२. इंधन रॉकेल आणि द्रव ऑक्सिजन. एका मोठ्या ज्वलनकक्षाऐवजी चार छोटे का? कक्ष मोठा केला की आतली ज्वाळा स्थिर राहत नाही. दाबाच्या लाटा उसळतात आणि काही क्षणांत इंजिनाच्या चिंधड्या होतात. इंजिनकर्ते व्हॅलेंतिन ग्लुश्को यांनी एकाच पंपावर चार कक्ष चालवून हा प्रश्न बाजूला सारला. तो सोडवला मात्र नाही, आणि पुढे तोच प्रश्न आडवा आला.

दुसरी अडचण प्रज्वलनाची. उंचावर, वजनरहित अवस्थेत इंजिन पेटेलच याची तेव्हा खात्री नव्हती. म्हणून पाचही इंजिनं जमिनीवरच पेटवायची असं ठरलं. त्यासाठी प्रत्येक ज्वलनकक्षात खालून बर्चच्या लाकडाची काठी घालतात आणि तिच्या टोकावरचं दारूकाम विजेने पेटवतात.

स्पुटनिकमध्ये होतं तरी काय?

मूळ बेत बराच मोठा होता: एक टनाहून जास्त वजनाची, उपकरणांनी भरलेली प्रयोगशाळा. ती वेळेत होईना, तेव्हा कोरोल्योव यांनी ती मागे ठेवली आणि ‘सर्वांत साधा उपग्रह’ बनवायला घेतला. मागे ठेवलेली प्रयोगशाळा मे १९५८ मध्ये स्पुटनिक ३ म्हणून गेली.

साधा उपग्रह म्हणजे ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोचा गोळा. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन अर्धगोल ३६ बोल्टांनी जोडलेले, आत १.३ वातावरण दाबाने भरलेला नायट्रोजन. वजनातला निम्म्याहून जास्त वाटा चांदी-जस्ताच्या बॅटऱ्यांचा, कारण बॅटऱ्याच तब्बल ५१ किलोच्या होत्या. तापमान ३६ अंशांवर गेलं की एक पंखा सुरू होऊन वायू खेळवायचा. १ वॅटचा प्रक्षेपक २०.००५ आणि ४०.००२ मेगाहर्ट्झवर आळीपाळीने ‘बीप’ पाठवायचा. ही वारंवारता मुद्दाम अशी निवडली होती की हौशी रेडिओवाल्यांना साध्या शॉर्टवेव्ह संचावर ती पकडता यावी. कुणी शंकाच घेऊ नये, हा हेतू. बीपची लांबी आतल्या तापमानानुसार आणि दाबानुसार बदलायची, म्हणजे गोळा फुटला असता तर तेही कळलं असतं. २१ दिवसांनी बॅटऱ्या संपल्या, आणि ४ जानेवारी १९५८ रोजी तो वातावरणात जळाला.

लोकांनी आकाशात डोळ्यांनी पाहिला तो स्पुटनिकच ना?

नाही. एवढासा गोळा नुसत्या डोळ्यांनी दिसणं अंधाऱ्या रात्रीही जवळपास अशक्य. लोकांना दिसला तो त्याच्याबरोबर कक्षेत गेलेला रॉकेटचा गाभा, जो उपग्रहापेक्षा कितीतरी मोठा आणि चकचकीत होता.

अमेरिकेचा पहिला उपग्रह का पडला?

६ डिसेंबर १९५७ रोजी व्हॅनगार्ड रॉकेट जेमतेम १.२ मीटर उचललं गेलं. इंधनटाकीतला दाब पुरेसा नव्हता, दोन सेकंदांत रेटा गेला आणि रॉकेट स्वतःच्याच चबुतऱ्यावर बसून पेटलं. सुमारे दीड किलोचा उपग्रह बाजूला फेकला गेला आणि तिथे पडल्या पडल्या बीप देत राहिला. हे सगळं पत्रकारांसमोर घडलं.

यातली खरी हळहळण्यासारखी गोष्ट मात्र वर्षभर आधीची आहे. २० सप्टेंबर १९५६ रोजी अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या व्हेर्नर फॉन ब्राउन यांच्या गटाचं ज्युपिटर-सी रॉकेट सुमारे १,१०० किलोमीटर उंचीवर गेलं होतं. त्याचा वरचा टप्पा इंधनाऐवजी नुसत्या भाराने भरला होता, कारण त्यांनी उपग्रह सोडू नये असा आदेश होता. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सरकारला पहिला उपग्रह लष्करी क्षेपणास्त्रावरून जायला नको होता. व्हॅनगार्ड पडल्यावर त्याच गटाला मोकळीक मिळाली आणि ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री एक्सप्लोरर १ कक्षेत गेला. वजन १४ किलो, पण पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे त्यानेच उघड केले. सोव्हिएत उपग्रहांचं वजन जास्त होतं, विज्ञान मात्र या छोट्या नळकांड्याने जास्त दिलं.

गागारिन यानातूनच उतरला का?

नाही, आणि ही गोष्ट अनेक वर्षं लपवली गेली. पहिला अंतराळवीर गागारिन ज्यातून गेला त्या व्होस्तोक यानाची गोल कुपी हवाई छत्रीने उतरायची, पण आत बसलेल्याला झेपणार नाही इतक्या जोरात आपटायची. म्हणून सुमारे ७ किलोमीटर उंचीवर आसनासह अंतराळवीर बाहेर फेकला जायचा आणि स्वतःच्या छत्रीने वेगळा उतरायचा. उड्डाणाचे जागतिक विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेचा नियम मात्र असा होता की वैमानिकाने यानासहच उतरलं पाहिजे. विक्रम जाऊ नये म्हणून सोव्हिएत अधिकाऱ्यांनी तो तपशील गाळला.

१२ एप्रिल १९६१ चं ते १०८ मिनिटांचं उड्डाण दिसतं तितकं सुरळीत नव्हतं. गाभ्याचं इंजिन उशिरा बंद पडलं, त्यामुळे यान ठरलेल्या २३० किलोमीटरऐवजी ३२७ किलोमीटरपर्यंत चढलं. हा फरक जीवघेणा ठरू शकला असता. परतीचं एकमेव इंजिन पेटलं नाही तर हवेच्या घर्षणाने यान दहा दिवसांच्या आत आपोआप खाली यावं, असा हिशोब होता आणि शिधाही दहा दिवसांचाच होता. वाढलेल्या उंचीमुळे तो हिशोब मोडला. सुदैवाने इंजिन पेटलं. त्यानंतर उपकरणांचा कप्पा कुपीपासून सुटला नाही आणि दोन्ही भाग एकमेकांना अडकून सुमारे दहा मिनिटं गरगरत राहिले.

हाताने यान चालवायचं कुलूप १२५ या आकड्याने उघडायचं. तो आकडा बंद लिफाफ्यात ठेवला होता, कारण वजनरहित अवस्थेत माणसाची बुद्धी फिरेल की काय अशी भीती होती. उड्डाणाआधीच एकाहून जास्त जणांनी तो गागारिनला सांगून टाकला होता.

‘पहिले’पणाचे इतके विक्रम करूनही सोव्हिएत संघ मागे कसा पडला?

कारण १९६४ पासूनचे काही विक्रम पुढे नेणारे नव्हते. व्होस्खोद हे पुढचं यान म्हणजे मुळात व्होस्तोकचीच कुपी. ऑक्टोबर १९६४ मध्ये तिच्यात तीन माणसं बसवण्यासाठी फेकआसन काढलं आणि अंतराळपोशाखही काढले. सुटकेची कुठलीच सोय उरली नाही. मार्च १९६५ मध्ये व्होस्खोद २ मधून अलेक्सेई लिओनोव सुमारे १२ मिनिटं बाहेर तरंगले. पोकळीत त्यांचा पोशाख इतका फुगला की बोटं हातमोज्यांतून मागे सरकली आणि दारातून आत शिरता येईना. त्यांनी झडप उघडून पोशाखातला दाब ०.४० वरून ०.२७ वातावरणापर्यंत उतरवला आणि पायांऐवजी डोकं पुढे घालून आत शिरले. पुढे उतरण्याची स्वयंचलित यंत्रणा बिघडली आणि यान ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, पर्म भागातल्या बर्फाळ जंगलात पडलं. दोन रात्री त्यांनी तिथे काढल्या. लिओनोव यांचं धैर्य थोरच. पण या यानाला कक्षा बदलता येत नव्हती आणि दुसऱ्या यानाला जोडताही येत नव्हतं. चंद्रावर जायला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. त्यानंतर दोन वर्षं एकही सोव्हिएत माणूस अवकाशात गेला नाही.

त्या दोन वर्षांत अमेरिकेने काय केलं?

जेमिनी. सामान्य वाचकाला मर्क्युरी आणि अपोलो हे कार्यक्रम माहीत असतात, मधलं जेमिनी निसटतं. आमच्या मते शर्यत फिरली ती इथेच. मार्च १९६५ ते नोव्हेंबर १९६६ या काळात माणसांसह १० उड्डाणं झाली आणि प्रत्येकात एखादी नवी गोष्ट हाताखालून गेली.

उदाहरणार्थ, कक्षेत दुसऱ्या यानाला गाठणं. रस्त्यावर पुढच्या गाडीला गाठायचं तर वेग वाढवायचा. कक्षेत तसं केलंत तर तुम्ही वरच्या, लांब कक्षेत जाता आणि उलट मागे पडता. गाठायचं असेल तर वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरायचं, तिथे फेरी लवकर पूर्ण होते, मग योग्य क्षणी वर यायचं. जेमिनी ४ मध्ये जेम्स मॅकडिव्हिट यांनी स्वतःच्या रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याकडे नाक करून इंजिन चालवलं, आणि टप्पा लांबच जात राहिला. इंधन निम्म्यावर आलं तेव्हा प्रयत्न सोडावा लागला. सहाच महिन्यांनी, १५ डिसेंबर १९६५ रोजी, जेमिनी ६ए आणि जेमिनी ७ एकमेकांपासून हातभर अंतरावर उडत होती. १६ मार्च १९६६ रोजी जेमिनी ८ ने पहिली जोडणी केली. लगेच एक छोटं दिशा-इंजिन अडकून चालूच राहिलं आणि यान सेकंदाला जवळपास एक गिरकी घेऊ लागलं. नील आर्मस्ट्राँग यांनी परतीसाठी राखून ठेवलेली इंजिनं वापरून ते थांबवलं. नियमाप्रमाणे मग मोहीम तिथेच आवरती घ्यावी लागली.

चंद्रावर थेट रॉकेटने का उतरले नाहीत?

वजनामुळे. थेट उतरायचं तर परतीचं सगळं इंधन आणि जाड उष्णताकवच चंद्राच्या पृष्ठभागापर्यंत न्यायचं आणि परत उचलायचं. त्यासाठी अपोलोच्या सॅटर्न ५ या रॉकेटपेक्षाही खूप मोठं रॉकेट लागलं असतं. दुसरा मार्ग म्हणजे पृथ्वीच्या कक्षेत दोन-तीन उड्डाणांतून यान जोडायचं. तिसरा, नासाचे अभियंते जॉन हूबोल्ट यांनी चिकाटीने लावून धरलेला मार्ग १९६२ च्या जुलैत स्वीकारला गेला. तो असा:

१. एकच सॅटर्न ५ सुमारे ४५ टन चंद्राकडे ढकलतं.
२. वाटेत मुख्य यान वळून चांद्रयानाला नाकाने जोडलं जातं आणि त्याला रॉकेटमधून ओढून काढतं.
३. दोन्ही मिळून चंद्राच्या कक्षेत शिरतात. एक जण तिथेच थांबतो.
४. सुमारे १५ टनांचं चांद्रयान दोघांना घेऊन उतरतं.
५. परतताना त्याचा खालचा अर्धा भाग चबुतरा म्हणून मागे राहतो आणि फक्त वरचा भाग उडतो.
६. कक्षेत पुन्हा जोडणी, माणसं आणि दगड मुख्य यानात, चांद्रयान सोडून दिलं जातं.

जमिनीवरून साधारण २,९०० टन उठायचे आणि शेवटी समुद्रात ५ टनांच्या आसपासची कुपी पडायची. सहाव्या पायरीवरची जोडणी चुकली तर दोघांची सुटका नाही. म्हणून आधी जेमिनी लागलं.

सोव्हिएत संघाचा चंद्रावर माणूस उतरवायचा बेत खरंच होता का?

होता. अधिकृत निर्णय ३ ऑगस्ट १९६४ चा आहे, म्हणजे चंद्रावर माणूस उतरवू असं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी जाहीर केलं त्या भाषणानंतर तीन वर्षांहून जास्त काळाने. त्यांच्या बेतात दोघांनी जायचं आणि एकट्याने उतरायचं होतं. दोन यानांमध्ये आतून जायला वाट नव्हती. अंतराळवीराने बाहेरून, पोकळीतून एका यानातून दुसऱ्यात जायचं. त्यांचं चांद्रयान सुमारे साडेपाच टनांचं होतं आणि १९७०-७१ मध्ये पृथ्वीच्या कक्षेत त्याच्या तीन मानवरहित चाचण्या यशस्वी झाल्या. म्हणजे यान तयार होतं, अडलं ते एन-१ हे रॉकेट.

एन-१ चारही वेळा का फुटलं?

या प्रश्नाला सविस्तर उत्तर दिलं पाहिजे, कारण ‘३० इंजिनं होती म्हणून’ हे नेहमीचं उत्तर अपुरं आहे.

मुळात ३० इंजिनं का? कोरोल्योव यांना रॉकेल आणि द्रव ऑक्सिजन हवा होता. ग्लुश्को विषारी पण आपोआप पेटणाऱ्या इंधनांवर अडून बसले. त्यांच्या मोठ्या कक्षांना रॉकेलच्या ज्वाळेची अस्थिरता भोवत होती, आणि दोघांमधली जुनी कटुताही होतीच. इतक्या विषारी इंधनावर माणसं बसवायची नाहीत, हा कोरोल्योव यांचा आग्रह आम्हाला योग्य वाटतो. पण त्यामुळे देशातला सर्वांत अनुभवी इंजिनकर्ता हातचा गेला. इंजिनं निकोलाय कुझ्नेत्सोव यांच्याकडे आली. ते विमानांची इंजिनं बनवत. त्यांनी दिलेलं इंजिन कार्यक्षमतेत अव्वल होतं, पण रेटा प्रत्येकी सुमारे १५४ टन. म्हणून पहिल्या टप्प्यात ३०: बाहेरच्या कड्यात २४, आत ६.

आता खरी गोम. या इंजिनातल्या काही झडपा दारूकामाने एकदाच उघडणाऱ्या होत्या. इंजिन तपासण्यासाठी पेटवलं की ते पुन्हा वापरता येत नसे. म्हणून सहा इंजिनांच्या गटातून दोन पेटवून बघायची, ती ठीक निघाली तर उरलेली चार न पेटवताच रॉकेटला लावायची. संपूर्ण पहिला टप्पा जमिनीवर बांधून पेटवून बघायचा चबुतराच उभारला नाही, कारण पैसा आणि वेळ दोन्ही नव्हते. शिवाय तळाशी १७ मीटर रुंद असलेला तो टप्पा रेल्वेने जाणं शक्य नव्हतं. तुकडे बायकोनूरच्या उड्डाणतळावर नेऊन तिथेच जोडावे लागत. उलट अमेरिकेत सॅटर्नचा पहिला टप्पा न्यू ऑर्लिन्सहून तराफ्यावरून मिसिसिपीतल्या चाचणीकेंद्रात जायचा, तिथे पूर्ण ताकदीने पेटायचा आणि मगच केप कॅनव्हेरलला जायचा. म्हणजे एन-१ ची पहिली खरी चाचणी आकाशात व्हायची.

चार उड्डाणांचा हिशोब असा. २१ फेब्रुवारी १९६९: कंपनांमुळे नळी फुटली, शेपटीत आग लागली आणि इंजिनांवर नजर ठेवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने ६९ व्या सेकंदाला सगळंच बंद केलं. ३ जुलै १९६९: उड्डाणाच्या क्षणी एका इंजिनाचा ऑक्सिजन-पंप फुटला. त्याच यंत्रणेने एक सोडून सगळी इंजिनं बंद केली आणि इंधनाने काठोकाठ भरलेलं रॉकेट चबुतऱ्यावर कोसळलं. चबुतरा उद्ध्वस्त झाला, तोही अपोलो ११ निघायच्या १३ दिवस आधी. २६ जून १९७१: ३० ज्वाळांच्या मधल्या भोवऱ्यांमुळे रॉकेट स्वतःभोवती फिरू लागलं आणि आवरेना. २३ नोव्हेंबर १९७२: ठरल्याप्रमाणे आतली सहा इंजिनं एकदम बंद केली. पाण्याचा नळ झटक्यात बंद केल्यावर पाइप दणाणतो, तसा दणका इंधनवाहिन्यांना बसला. १०७ व्या सेकंदाला स्फोट झाला. पहिला टप्पा सुटायला अवघी काही सेकंदं उरली होती.

चौथ्या वेळी रॉकेट जवळजवळ जमलं होतं, आणि पाचव्यासाठी पुन्हा पुन्हा पेटवून तपासता येतील अशी सुधारित इंजिनं तयार होती. मे १९७४ मध्ये कोरोल्योव यांचे उत्तराधिकारी वासिली मिशिन यांना काढलं. त्यांच्या जागी ग्लुश्को आले आणि काम थांबवण्यात आलं.

मग अमेरिकेने मोठ्या इंजिनाची अस्थिरता कशी सोडवली?

बॉम्ब लावून, अक्षरशः. सॅटर्न ५ च्या एफ-१ इंजिनाचा रेटा प्रत्येकी ६९० टनांच्या आसपास, कक्ष एकच. सुरुवातीला ही इंजिनं चाचणीत फुटत. ज्वाळा कधी बिघडेल याची वाट बघत बसण्यापेक्षा अभियंत्यांनी चालू इंजिनाच्या कक्षात छोटा स्फोट घडवून ती मुद्दाम बिघडवली आणि किती वेळात शांत होते ते मोजलं. इंधन फवारणाऱ्या तबकडीवर तांब्याच्या आडव्या-उभ्या भिंती बसवून आणि भोकांचे कोन बदलत बदलत ते अशा रचनेपर्यंत पोचले की बिघाड सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत विरून जाई. त्यासाठी पूर्ण आकाराच्या सुमारे २,००० चाचण्या लागल्या. शुद्ध गणिताने हा प्रश्न तेव्हा सुटत नव्हता. सोव्हिएत संघात बुद्धी कमी नव्हती. एवढी इंजिनं जाळायची ऐपत आणि मुभा नव्हती.

दोन्हीकडे किती माणसांचा जीव गेला?

२३ मार्च १९६१ रोजी, गागारिनच्या उड्डाणाच्या तीन आठवडे आधी, व्हॅलेंतिन बोंदारेन्को हा २४ वर्षांचा प्रशिक्षणार्थी ऑक्सिजनने भरलेल्या खोलीत लागलेल्या आगीत भाजून गेला. ही बातमी १९८६ पर्यंत दडवली गेली.

२७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या जमिनीवरच्या सरावात गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी गेले. कुपीत शुद्ध ऑक्सिजन होता, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने. अशा हवेत नायलॉन आणि व्हेल्क्रो भडाभडा पेटतात. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, त्यामुळे आत दाब वाढल्यावर ते माणसाच्या ताकदीने उघडणं शक्यच नव्हतं. नंतर काही सेकंदांत उघडता येईल असं, बाहेरच्या बाजूला उघडणारं दार बसवलं, जमिनीवर ६० टक्के ऑक्सिजन आणि ४० टक्के नायट्रोजन वापरला, आणि आत काचतंतूचं न जळणारं कापड आणलं.

तीनच महिन्यांनी, २४ एप्रिल १९६७ रोजी, सोयुझ १ मध्ये व्लादिमीर कोमारोव यांचा मृत्यू झाला. एक सौरपंख उघडला नव्हता, म्हणून मोहीम आखडती घेतली. उतरताना मुख्य छत्री डब्यातून बाहेरच येईना आणि राखीव छत्री गुंतली. यानाच्या मानवरहित चाचण्यांत दोष दिसले होते, तरी उड्डाण पुढे ढकललं नाही.

कासवं चंद्राला फेरी मारून मुंबईला आली होती, हे खरं आहे का?

खरं आहे. सप्टेंबर १९६८ मध्ये झोंड ५ हे मानवरहित सोव्हिएत यान दोन कासवं घेऊन चंद्रामागून फिरून परतलं. चंद्राला वळसा घालून सुखरूप पृथ्वीवर आलेले पहिले जीव तेच. यान सोव्हिएत भूमीवर उतरायचं होतं, पण दिशा ओळखणारी उपकरणं बिघडली आणि ते सरळ, तीव्र कोनात हिंदी महासागरात पडलं. सोव्हिएत जहाजांनी ते उचललं आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये मुंबई बंदरात आणलं. तिथून विमानाने ते मॉस्कोला गेलं. कासवांचं वजन घटलं होतं, पण खाण्याची इच्छा शाबूत होती.

त्या उड्डाणात यानातून माणसांचे आवाज ऐकू आले होते. संदेशयंत्रणा तपासण्यासाठी जमिनीवरचे अंतराळवीर यानामार्फत बोलत होते. पाश्चात्त्य केंद्रांनी ते ऐकलं आणि धास्ती वाढली. अमेरिकेचं चांद्रयान रखडलेलं असताना अपोलो ८ ला डिसेंबरात थेट चंद्राच्या कक्षेत पाठवायच्या निर्णयामागे सोव्हिएत वळशाची ही भीतीही होती.

आर्मस्ट्राँग चंद्रावर असताना तिथे सोव्हिएत यानही होतं का?

होतं. लुना १५ हे मानवरहित यान १३ जुलै १९६९ ला निघालं होतं. अपोलोच्या आधी चंद्राची माती आणायची, हा शेवटचा प्रयत्न. अमेरिकेला टकरीची काळजी वाटली, तेव्हा अपोलो ८ चे अंतराळवीर फ्रँक बोर्मन यांनी मॉस्कोला विचारलं आणि सोव्हिएत विज्ञान अकादमीने यानाची कक्षा कळवली. शीतयुद्धात ही साधी गोष्ट नव्हती. भारतीय वेळेनुसार आर्मस्ट्राँग यांचं पाऊल २१ जुलैला सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी पडलं. त्याच रात्री ९.२० च्या सुमारास लुना १५ चंद्रावर आदळलं. आर्मस्ट्राँग यांचं चांद्रयान ‘ईगल’ तेव्हा अजून चंद्रावरच होतं आणि दोन तासांनी उडालं. पुढच्या वर्षी लुना १६ ने १०१ ग्रॅम माती आणली. सहा अपोलो मोहिमांचे नमुने ३८२ किलो भरतात.

चंद्रावर जाणं खोटं होतं असं व्हॉट्सॲपवर येतं. त्याला काय उत्तर द्यायचं?

एवढंच विचारा: सोव्हिएत संघ गप्प का बसला? त्यांच्याकडे अवकाशातले संदेश पकडायची केंद्रं होती, चंद्राकडून येणारा संदेश कुठून येतो हे त्यांना मोजता येत होतं आणि खोटेपणा उघड करण्यात त्यांच्याइतका फायदा कुणाचाच नव्हता. शिवाय अपोलो ११, १४ आणि १५ ने ठेवलेल्या परावर्तकांवर आजही लेसर सोडून चंद्राचं अंतर मोजतात. लुनोखोद या सोव्हिएत गाड्यांवरचे परावर्तकही त्याच कामाला येतात.

अमेरिकेने पेनवर लाखो डॉलर उधळले आणि रशियाने पेन्सिल वापरली?

चूक. सुरुवातीला दोघांनीही पेन्सिलीच वापरल्या. टोक मोडलं की शिशाचा कण तरंगत जातो, डोळ्यात शिरतो किंवा विजेच्या जोडणीत अडकतो, आणि लाकूड ऑक्सिजनमध्ये पेटतं. दाबाखालच्या शाईचं पेन फिशर या खासगी कंपनीने स्वतःच्या पैशाने बनवलं. नासाने सुमारे ४०० घेतले आणि १९६९ मध्ये सोव्हिएत संघानेही १०० घेतले.

खर्च किती आला?

अपोलोचा अधिकृत आकडा १९७३ मध्ये २५.४ अब्ज डॉलर सांगितला गेला. १९६६ मध्ये नासाचा वाटा अमेरिकी संघीय खर्चाच्या ४ टक्क्यांहून थोडा जास्त होता. पण नुसता पैसा बघू नका. अमेरिकेत चांद्रमोहीम एका संस्थेच्या हाती होती. सोव्हिएत संघात कोरोल्योव, चेलोमेई आणि यांगेल यांची कार्यालयं एकमेकांशीच झगडत होती, आणि १९६४ पर्यंत चंद्राला वळसा घालायचं काम एकाकडे तर उतरायचं दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली होती. जानेवारी १९६६ मध्ये शस्त्रक्रियेदरम्यान कोरोल्योव गेले आणि सगळ्यांना एका दावणीला बांधणारा माणूसच उरला नाही. त्यांचं नावही देशाला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

या शर्यतीचा भारताशी काय संबंध?

दोन्हीकडून मदत घ्यायची, हे विक्रम साराभाई यांचं धोरण होतं. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकी होतं, त्यातली सोडियम-वाफेची उपकरणं फ्रेंच होती आणि मदतीला हेलिकॉप्टर सोव्हिएत होतं. १९७५ मध्ये ३६० किलोचा आर्यभट्ट सोव्हिएत रॉकेटवरून गेला. राकेश शर्मा १९८४ मध्ये ज्या सोयुझ टी-१० च्या कुपीतून परतले, ती दिल्लीच्या नेहरू तारांगणात बघता येते.

फार थोड्यांना माहीत असलेला धागा वेगळाच आहे. एन-१ च्या वरच्या टप्प्यासाठी सोव्हिएत संघात साडेसात टन रेट्याचं हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिन बनवलं होतं. रॉकेट गेलं, इंजिन पडून राहिलं. १९९१ मध्ये भारताने तेच विकत घ्यायचा करार केला. अमेरिकेने निर्बंध लादले, तंत्रज्ञान द्यायचं रशियाने नाकारलं आणि फक्त तयार टप्पे मिळाले. १८ एप्रिल २००१ रोजी पहिलं जीएसएलव्ही हे भारतीय रॉकेट त्या इंजिनावर उडालं. त्याच रचनेवर आधारलेलं भारतीय इंजिन जानेवारी २०१४ मध्ये यशस्वी झालं. इस्रोच्या इंजिनांची जुळणी मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यातही होते.

१९७५ मध्ये अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत सोयुझ ही यानं जोडताना अडचण काय होती?

हवेची. सोयुझमध्ये घरातल्यासारखी हवा, पूर्ण दाबाची. अपोलोत शुद्ध ऑक्सिजन, साधारण एक तृतीयांश दाबाचा. सोयुझमधून सरळ अपोलोत गेलं तर रक्तातला नायट्रोजन खोलवर बुडणाऱ्या पाणबुड्यासारखा बुडबुडे धरतो. उपाय दोन केले: सोयुझमधला दाब ०.६८ वातावरणापर्यंत उतरवला आणि मधे दोन दारांचा जोडकप्पा बसवला. जोडणीचं तोंड दोन्हीकडे सारखंच ठेवलं, म्हणजे कोण खिळा आणि कोण भोक हा मानापमान नको. १७ जुलै १९७५ रोजी थॉमस स्टॅफर्ड आणि अलेक्सेई लिओनोव यांनी त्या दारात हात मिळवले.

त्या काळातलं काही आजही अवकाशात आहे का?

आहे. मार्च १९५८ मध्ये गेलेला दीड किलोचा व्हॅनगार्ड १ अजून पृथ्वीभोवती फिरतो आहे, माणसाने सोडलेली आणि कक्षेत टिकलेली सर्वांत जुनी वस्तू म्हणून. १९६४ पासून तो मुका आहे. आणि सोयुझ रॉकेट म्हणजे आर-७ चाच वंश. अजूनही ते कमरेत पेलून उभं करतात, पाचही इंजिनं जमिनीवर पेटवतात, आणि पेटवायला आत बर्चच्या काठ्या घालतात.